मोराचा रुमाल आणि चार ‘धरायची’

“यंदा गौरी जेवणाला मी येणार आहे. नैवेद्यावर आईचा मोराचा रुमाल घालू गं,” असं माझ्या नणंदेनं, ताईंनी, मे महिन्यात कराडहून फोनवर सहज सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. रुमाल कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं. कसा असेल याचाही अंदाज होता. २०१९ च्या ऑगस्टपासून तो माळ्यावर एका प्लास्टिकच्या पिशवीत पडून होता, आणि त्या पिशवीची गाठ मीच मारली होती.

आमचं घर सांगलीत, गावभागात. त्या साली कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथं शाळकरी पोरंही सांगतात. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर होतीच. त्याच्यावर फार तर वीतभर येईल असं धरून आम्ही सासूबाईंची लोखंडी पेटी टेबलावर चढवली आणि विश्रामबागेत दिरांकडं गेलो. टेबल बुडालं, पेटीही बुडाली. परत आलो तेव्हा गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात गाद्या, धान्य, फुगलेली कपाटं पडलेली. त्यात स्वयंपाकघरातली फडकी कोण बघतंय? दोन पाण्यांतून काढली, दोरीवर घातली, पावसाची सर आली तशी अर्धी ओली काढून पिशवीत कोंबली. नंतर बघू म्हटलं. त्या ‘नंतर’ला पाच वर्षं लागली, तीही ताईंचा फोन आला म्हणून.

सासूबाई पुराच्या आधी दोन वर्षं गेल्या. पेटीत त्यांच्या हातचंच सगळं होतं. दोसुतीवर, म्हणजे घरं मोजून भरतकाम करायच्या जाड सुती कापडावर, चार कोपऱ्यांत चार मोर भरलेला, क्रोशाची किनार लावलेला ताट झाकायचा रुमाल. भाकरीच्या दुरडीत घालायचं दुहेरी फडकं, जुन्या लुगड्याचं. एक चुंबळ. दोसुतीचंच मिक्सरचं कव्हर. आणि गरम भांडं उतरवायच्या चार चौकोनी गाद्या. या गाद्यांना आमच्या घरी नाव नाही. सासूबाई म्हणायच्या, “ते धरायचं दे गं इकडं.” त्यामुळं एक असलं तरी ‘धरायचं’ आणि चार असली तरी ‘धरायची’.

पिशवी गच्चीत नेऊन उघडली. कुबट वास, त्यात खवट तेलाचा वास. मोराचा रुमाल पेटीच्या तळाशी असणार, कारण त्याच्यावर गंजाचा वेडावाकडा पट्टा उठला होता आणि मधोमध त्या पट्ट्याखालचं कापडच विरून बांगडीएवढं भोक पडलं होतं. गंज नुसता डाग पाडत नाही, सूत खातो, हे मला तेव्हा कळलं. भोकापासून गंज पसरत एका मोराच्या पिसाऱ्यापर्यंत गेला होता. उरलेले तीन मोर शाबूत.

मी शिवणारी बाई नाही. सहकारी सोसायटीत हिशेब लिहिते, बटण लावते, साडीला फॉल लावते, तेवढंच. पहिला विचार आला, बाजारातून नवीन दोसुती आणून तसाच रुमाल करून घ्यावा. ताईंना कळायचं नाही. पण कळलं असतं. त्यांच्या आईचा एक मोर थोडा जाडा आहे, त्यावरून घरात चाळीस वर्षं चेष्टा झालेली आहे.

तर आधी धुणं. या कामात शिवण्यापेक्षा धुण्याला जास्त डोकं लागतं असं माझं मत झालंय. प्रत्येक फडकं खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. जिथं उजेड चाळणीसारखा येतो तिथं सूत झिजलेलं. तिथं चिमटीत धरून हलकं ताणायचं. टरकलं तर त्या जागेचा टाक्याला काही उपयोग नाही. भोक बांगडीएवढं दिसलं तरी धड कापड सापडेपर्यंत आणखी दोन बोटं बाहेर जावं लागलं.

गंजावर शेजारच्या काकूंनी ब्लीचिंग पावडर सुचवली. पुरानंतर घरोघरी ती उरलेलीच होती. बरं झालं, आधी चिंधीवर करून बघितली. गंज तसाच राहिला, उलट जास्त तांबूस झाला, आणि चिंधी दुसऱ्या दिवशी ओढल्यावर ओल्या कागदासारखी फाटली. मग लिंबू आणि मीठ. डागावर चोळून उन्हात ठेवायचं, वाळायच्या आत पुन्हा लिंबू पिळायचं, दोन तासांनी भरपूर पाण्यातून काढायचं. आंबटपणा कापडात राहिला तर तोही सूत कुजवतो. असं चार दिवस केलं. पट्टा गेला नाही, पण चहाच्या डागाइतका फिका झाला. तिथं थांबले.

त्या आधी लाल दोऱ्याची परीक्षा घेतली होती. मोरांच्या तुऱ्यांना लाल दोरा आहे. ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून धरला तर अगदी पुसट गुलाबी ठसा आला. म्हणून गरम पाणी बंद, भिजवून ठेवणं बंद, रिठ्याच्या पाण्यातून झटकन काढायचं आणि सावलीत, सपाट, टॉवेलवर पसरून वाळवायचं. ऊन फक्त गंजाच्या जागेला, मोरांवर दुसरं फडकं झाकून.

भाकरीच्या फडक्याचं उलट. त्याला ऊनच पाहिजे होतं. त्याच्यावर हळद. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ ला. आमच्या फडक्यांना ते फार आधी मिळालेलं आहे. साबण लावला की पिवळा डाग तांबडा होतो आणि बघणारा घाबरतो. घाबरायचं कारण नाही, हळदीला क्षार लागला की ती लाल होतेच. कुंकवाचा रंग तोच. खळबळून काढलं की परत पिवळा. आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मेमधल्या सांगलीच्या उन्हात तीन दिवसांत डाग जवळजवळ दिसेनासा झाला. बुरशीचे काळे ठिपके मात्र हट्टी. ते काही केल्या गेले नाहीत, आणि नंतर ठिगळं कुठं लावायची हे बऱ्याचदा त्या ठिपक्यांनीच ठरवलं. ‘धरायची’ कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवली. सकाळी पाणी काळ्या चहासारखं झालेलं.

मिक्सरचं कव्हर वाचलं नाही. बुरशीनं एक बाजू पार गेली होती. पण त्याची मागची बाजू धड होती, आणि ती दोसुती त्याच हातची, त्याच काळातली. इंचाला घरं मोजली. रुमालाला बारा, कव्हरलाही बारा. बाजारातली नवी दोसुती मी आणून बघितली होती. ती खळीनं पुठ्ठ्यासारखी कडक, आणि नवं सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं. जुन्याला नवं न धुता जोडलं तर नवं आटताना जुन्याला ओढत नेतं आणि ठिगळाच्या कडेनं नवीन फाट सुरू होते. हे सांगायचा अधिकार मला आहे, कारण चुंबळीवर मी तेच केलं. घाईत कोऱ्या मांजरपाटाची पट्टी गुंडाळून शिवली आणि पहिल्याच धुण्यात चुंबळ वाळलेल्या मिरचीसारखी आखडली. नंतर मांजरपाटाचा दहा इंची चौकोन आखून गरम पाण्यातून काढून बघितला. साडेनऊ भरला. तेव्हापासून ठिगळाचं कापड दोनदा धुतल्याशिवाय कात्री लावत नाही.

दुसरी फजिती याहून मोठी. ‘धरायची’ हे सगळ्यात सोपं काम वाटलं म्हणून तिथून सुरुवात केली होती. कपाटात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचा ढीग. कोणाच्या घरात नसतो? इथून आलेलं तिथं द्यायचं, तिथून आलेलं आणखी कुठं. त्यातला एक मोरपंखी काढून जळक्या कोपऱ्यावर छान ठिगळ लावलं. दुसऱ्या दिवशी तवा उतरवला तर ठिगळ तव्याला चिकटलं. नुसतं चिकटलं नाही, वितळून तार सुटली. बोटाला फोड आली ती वेगळीच. मुलगा म्हणाला, “आई, ते टेरिकॉट आहे. प्लास्टिकनं तवा धरतीयेस तू.”

त्या रात्री मोरीत बसून सगळ्या ब्लाउजपीसांच्या कडेचे चार-चार धागे काढून सांडशीत धरून पेटवून बघितले. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि बोटात चुरडली की राख उडून जाते. दुसऱ्याचा गोळा होतो, काळा, कडक, मण्यासारखा. एकतीस कापडांपैकी सुती निघाली चार. विस्तवाजवळच्या वस्तूला वरचं कापड, आतला थर आणि शिवायचा दोरा, तिन्ही सुतीच हवं. आत जुन्या सोफ्याचा स्पंज घालून केलेल्या गाद्या दिसतात, त्या टेबलावर भांड्याखाली ठेवायला ठीक आहेत. हातात धरून कढई उतरवायला मी तरी वापरणार नाही.

ते वितळलेलं ठिगळ काढायला ‘धरायच्या’चा गोट उसवला. गोट म्हणजे कडेनं फिरवलेली तिरप्या कापाची पट्टी. आत काय भरलंय बघावं म्हणून वरचं कापड उलगडलं. वर फुलाफुलांची वायल होती, ती मला माहीत होती, माझ्या लग्नानंतरची. तिच्याखाली लाल लुगड्याचं कापड, तेही कडेनं जळलेलं, आणि त्यालाही गोट लावलेला. म्हणजे हे आतलं अख्खं वेगळं ‘धरायचं’ होतं. त्याचाही टाका उसवला. आत धोतराचं कापड, मधोमध करपून तपकिरी झालेलं, चारी बाजूंनी काजटाका घातलेलं. धोतर सासऱ्यांचं म्हणावं तर टाका सासूबाईंचा नव्हता. त्यांचा टाका मला ओळखू येतो, डावीकडं कलतो. हा सरळ, बारीक. आजेसासूबाईंचा असेल.

मी बराच वेळ ते तीन थर मांडीवर घेऊन बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली.

इतके दिवस आपण आईंची वस्तू बिघडवतोय या धास्तीनं माझा हात कापत होता. टाका दिसू नये, रंग वेगळा दिसू नये, हेच चाललं होतं. त्यांनी स्वतः यातलं काही पाळलेलं दिसत नव्हतं. जळलं की वरून एक चढवायचं, झालं.

भाकरीचं फडकं मात्र माझ्या एकटीच्यानं होईना. कापड इतकं विरळ झालं होतं की ठिगळ लावायला कडेला धड जागाच नाही. आमच्याकडं धुण्याला येणाऱ्या मावशी हरिपूरच्या. पूर्वी घरोघर जाऊन वाकळा शिवायच्या. त्यांना दाखवलं तर हसल्या. “ह्याला ठिगळ कुठं लावतीस? आख्खंच ठिगळ हाय हे. खाली दुसरं घाल आन् वाकळंगत दोरा घालून टाक.”

त्यांनी फडकं फरशीवर पसरलं. खाली धुतलेलं मऊ सुती कापड, माझ्याच जुन्या साडीचं. वर जुनं फडकं. तळहातानं मधून बाहेर निपटत नेलं, कडेनं टाचलं आणि एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू केला. कडेनं फिरत फिरत, बोटभर अंतर ठेवून, आत आत. मी बारीक टाके घालायला लागले तशी माझ्या हातावर चापट बसली. “एवढा बारीक नगं. जुनं कापड कापतंय त्यानं. तांदळाएवढा घाल. आन् दोरा वढू नगंस, कापडाला कळाय नगं दोरा आलाय ते.” दोरा कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो आणि जुन्या कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन तोच भोकं मोठी करतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा. पॉलिस्टरचा दोरा त्यांनी हातातून काढूनच घेतला. तो सुतापेक्षा चिवट, वर्षभरात जुनं सूत त्याच्यापुढं तुटतं. तुटायचाच झाला तर दोरा तुटावा, कापड नाही. दोरा परत घालता येतो.

जिथं आरपार भोकं होती तिथं त्यांनी वरून गोल चकत्या लावायला सांगितल्या. गोल कापायची एक युक्ती मला आपली आपणच सुचली, तिचा थोडा अभिमान आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चकती कापायची, कापड तिच्याहून पाव इंच मोठं, कडेनं धावदोरा घालून दोरा ओढला की कापड पुठ्ठ्यावर टोपीसारखं बसतं. इस्त्री फिरवायची, पुठ्ठा काढून घ्यायचा. कड सुबक दुमडलेली मिळते. चार सुती ब्लाउजपीसांतून सात चकत्या झाल्या. फडक्यावर त्या कुठंही, बुरशी सांगेल तिथं पडल्यात. मावशी म्हणाल्या, “भाकरी थापून ठेवल्यात जणू.”

जुलै उजाडला. नदी चढायला लागली की आमच्या गल्लीत कोणाचं कशात लक्ष लागत नाही. दर तासाला पुलाजवळ किती फूट, कोयनेतून किती सोडलं, हेच. ह्यांनी पेटी वरच्या मजल्यावर नेली. ह्या खेपेला फडकी मी माझ्या ऑफिसच्या पिशवीत घालून घेतली. काकू म्हणाल्या, आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार गं. मी मोराचा रुमाल मांडीवर घेऊन बसलेच होते, त्यामुळं मलाच हसू आलं.

रुमालाला अकरा संध्याकाळी लागल्या. भोकाच्या कडेचं गंजलेलं सूत कापून आधी सरळ चौकोन केला, धाग्याच्या रेषेवरूनच. चारी कोपऱ्यांत तिरपा छेद देऊन कडा आत दुमडल्या. मिक्सर-कव्हरचा तुकडा चारी बाजूंनी बोटभर मोठा कापून मागून लावला. उभं सूत उभ्याला, आडवं आडव्याला. हे चुकलं तर धुतल्यावर एक बाजू फुगते. पुढून बारीक हेमिंग, मागून कड दुमडून पुन्हा हेमिंग. मागची बाजू बघवत नाही, पण धरते.

चौथ्या मोराचा पिसारा अर्धा गेला होता. उरलेल्या तिघांवरून घरं मोजून कागदाच्या चौकडीवर उतरवला. तिन्ही पिसारे एकमेकांशी जुळेनात. एकाला सात डोळे, एकाला आठ, जाड्याला नऊ. शेवटी सात केले, कारण हिरवा दोरा तेवढ्यालाच पुरत होता. मारुती रोडवर चार दुकानं फिरले, तो हिरवा मिळाला नाही. मिळाला तो जरा पोपटी. दुकानदार म्हणाला, “वहिनी, धुतल्यावर उतरेल.” उतरला नाही. पिसाऱ्याचा अर्धा भाग शेवाळी, अर्धा पोपटी आहे. क्रोशाची किनार एका बाजूला दीड वीत तुटली होती, ती सोसायटीतल्या एका मुलीनं जेवणाच्या सुट्टीत विणून दिली.

‘धरायच्या’ना मी वरून नवं कापड चढवलं. जुनं काढलं नाही. आत धोतर, त्यावर लुगडं, त्यावर वायल, त्यावर माझी निळी सुती ओटी. नवा गोट. चौथा थर घातला तेव्हा सुई जाईना. अंगुस्तान लावूनही दोन सुया मोडल्या.

गौरी जेवणाच्या दिवशी ताई सकाळीच आल्या. रुमाल ताटावर घातला. त्यांनी तो उचलून खिडकीपाशी नेला, उलटा केला, पाठ बघितली, ठिगळावरून बोट फिरवलं. मी पिशवीची सगळी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “हा पोपटी कुठला गं? आईनं नाही भरला हा.”

“मी भरला.”

“सातच डोळे केलेस?”

“दोरा संपला.”

“हं,” म्हणाल्या आणि रुमाल परत ताटावर घालून कोपरे सारखे केले. पिशवीची गोष्ट त्यांनी विचारली नाही. मी संध्याकाळी सांगितली.

मग त्या सवयीनं ओट्यापाशी गेल्या, निळं ‘धरायचं’ उचललं आणि पुरणाचं पातेलं उतरवायला घेतलं. अर्ध्यातच खाली ठेवून बोटं झटकली.

“अगं, भाजतंय की! कोपऱ्याला थर कमी पडलेत. आणि ओल्या हातानं घेतलं मी. दुसरं दे.”

कोपरा मी दाबून बघितला. खरंच पातळ होता. जुना गोट कापला तेव्हा आतल्या घड्या मागं सरकल्या असणार. सणाचा स्वयंपाक उरकल्यावर दुपारी ताईंनी पान लावलं, मी सुई ओवली, आणि त्यांनी त्यांच्या पिशवीतून वापरून वापरून मऊ झालेली एक सुती ओढणी काढून पुढं केली. “ही घाल. धुतलेली आहे, आटायची नाही.”